आधी काय?

एक प्रसंग सांगतो आणि त्यावर एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच द्यायचं नाही, जरा विचार करून द्यायचं.

पंचवीस वर्षांचा एक तरुण घरात बेशुद्ध पडला आहे. अफूच्या जातीचं गुंगीचं औषध त्याने जास्त घेतलं आहे, हे शेजारी पडलेल्या वस्तूंवरून कळतं. त्याचा श्वास मिनिटाला जेमतेम सहा वेळा चालतो आहे, तोही उथळ. ओठ निळे पडले आहेत. नाडी मात्र लागते आहे. तुम्ही रुग्णवाहिका घेऊन आला आहात. तुमच्या पेटीत या गुंगीवर उतारा असलेलं नॅलॉक्सोन नावाचं औषध आहे, ऑक्सिजन आहे, तोंडावर धरून दाबायची अंबू बॅग आहे, शिरेत सुई लावायचं सामान आहे. तर तुम्ही आधी काय कराल?

माझ्यासारखा कोणीही म्हणेल, उतारा जवळ आहे ना, मग तो द्या की! पण बरोबर उत्तर ते नाही. आधी अंबू बॅग दाबून त्याला श्वास द्यायचा. औषध तयार करायला, टोचायला, ते लागू पडायला वेळ जातो आणि मेंदू तेवढा वेळ ऑक्सिजनशिवाय थांबत नाही. औषध द्यायचंच आहे, पण ते श्वासानंतर.

हा प्रश्न मला माझ्या भाच्याने फोनवर घातला होता. माझी धाकटी बहीण लग्नानंतर अमेरिकेत टेक्सास राज्यात गेली, तिचा हा मुलगा. २०२४ साली तो पॅरामेडिकच्या परीक्षेची तयारी करत होता. शिकलेलं दुसऱ्याला समजावून सांगितलं की पक्कं होतं, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. त्यामुळे आमच्याकडे रविवारची सकाळ झाली, म्हणजे त्याच्याकडे शनिवारची रात्र, की तो मला पकडायचा. ‘मामू, सांगा, आधी काय?’ अशी त्याची सुरुवात असायची.

मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. दहावीनंतर विज्ञानाच्या पुस्तकाला हात लावला नव्हता. माझी बहुतेक उत्तरं चुकत. पण चुकता चुकता एक परीक्षा नेमकी कशी असते, कशासाठी असते आणि तिला सामोरं कसं जावं, हे मला कळत गेलं. त्यातलं बरंचसं आपल्याही घरातल्या परीक्षा देणाऱ्या मुलांच्या उपयोगाचं आहे. म्हणून आज त्याविषयी बोलावंसं वाटलं.

आपल्याकडे ‘पॅरामेडिकल’ म्हटलं की प्रयोगशाळेत रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे असे सगळेच त्यात येतात. अमेरिकेत ‘पॅरामेडिक’ हा शब्द एका विशिष्ट माणसासाठी वापरतात. रुग्णवाहिकेतून घटनेच्या जागी जाणारा, हृदयाचा आलेख वाचणारा, घशात नळी घालणारा, शिरेतून औषध देणारा, आणि हे सगळं डॉक्टरांनी आखून दिलेल्या नियमांनुसार पण डॉक्टर समोर नसताना करणारा, तो पॅरामेडिक. त्याच्याखालची पायरी ईएमटीची. ईएमटीला रक्तस्राव थांबवणं, ऑक्सिजन देणं, छाती दाबणं अशी प्राथमिक कामं करता येतात. माझा भाचा आधी ईएमटी होता. नोकरी सांभाळून त्याने पॅरामेडिकचा हजार तासांहून मोठा अभ्यासक्रम पुरा केला. त्यात वर्ग आले, रुग्णालयातलं काम आलं, रुग्णवाहिकेवरची उमेदवारी आली. मग राहिली ती परीक्षा.

ही परीक्षा मुळात आली कुठून? त्यामागे एक विलक्षण गोष्ट आहे. १९६६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने अपघाती मृत्यूंवर एक अहवाल प्रसिद्ध केला. १९६५ या एका वर्षात तिथे अपघातांत १,०७,००० माणसं दगावली होती. त्या काळी देशातल्या जवळजवळ निम्म्या रुग्णवाहिका कोण चालवत होतं, तर अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक! कारण माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची. जिवंत माणसाला रुग्णालयात न्यायला आणि मेलेल्याला दफनभूमीत न्यायला गाडी एकच. गाडीतल्या माणसाला प्रथमोपचार आले पाहिजेत, अशी सक्ती बहुतेक ठिकाणी नव्हती.

त्याच सुमारास पिट्सबर्ग शहरात पीटर साफर नावाचे भूलतज्ज्ञ होते. श्वास देणं आणि छाती दाबणं यांचा मेळ घालून आज जी सीपीआरची पद्धत जगभर शिकवतात, तिच्या जनकांपैकी ते एक. १९६६ साली त्यांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्याने गेली. रुग्णालयात पोचण्यापूर्वीच्या मिनिटांत काय व्हायला हवं, या प्रश्नाने त्यांना सोडलं नाही. १९६७ साली शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत ‘फ्रीडम हाउस’ नावाची रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. ज्यांना नोकरी द्यायला कोणी तयार नव्हतं अशा तिथल्या तरुणांना साफर यांनी कसून शिकवलं. अमेरिकेतल्या पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांत त्यांची गणना होते. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत काम केलं आणि १९७९ साली पॅरामेडिकांसाठी लिहिलेलं त्यांचं पाठ्यपुस्तक निघालं. दुर्दैवाने ती सेवा मात्र १९७५ साली बंद झाली होती.

दरम्यान १९७० साली ‘नॅशनल रजिस्ट्री’ ही संस्था स्थापन झाली. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्याला किमान काय आलं पाहिजे, हे देशभर एकाच मापाने मोजायचं, हे तिचं काम. तिचं कार्यालय ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात आहे. तिचं प्रमाणपत्र मिळालं की मग राज्य सरकार कामाचा परवाना देतं. हे सगळं सांगायचं कारण असं, की परीक्षेची भीती वाटायला लागली की परीक्षा आपल्याला छळण्यासाठीच काढली आहे असं वाटू लागतं. ती आपल्यासाठी नसतेच. ती त्या बेशुद्ध पडलेल्या पोरासाठी असते. त्याला काही आपली निवड करता येत नाही, दारात येईल तो पॅरामेडिक त्याचा. म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी आधीच पारख करून ठेवलेली असते.

आता परीक्षेचं स्वरूप. २०२४ च्या १ जुलैपासून ते बदललं आहे. पूर्वी संगणकावरच्या परीक्षेबरोबर वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा असे. आता ती बंद झाली आणि हाताच्या कौशल्याची पारख अभ्यासक्रमातच होऊ लागली. संगणकावरच्या परीक्षेला साडेतीन तास. प्रश्न किती? तर ११० ते १५०. म्हणजे कोणाला ११० येतील, कोणाला १३२, कोणाला पुरे १५०. त्यांतले वीस प्रश्न नुसते चाचपणीचे, त्यांचे गुण धरत नाहीत. पण ते कोणते हे उमेदवाराला कळत नाही. विषय पाहिले तर श्वसनमार्ग, हृदय, अपघाती जखमा, इतर आजार आणि बाळंतपण, रुग्णवाहिकेचं कामकाज असे विभाग आहेत. शिवाय २०२४ पासून एक नवा विभाग आला आहे, प्रसंग पाहून घ्यायच्या निर्णयाचा. तो एकटाच परीक्षेच्या जवळजवळ एक-तृतीयांश आहे. काही प्रश्नांत चारांतला एक पर्याय निवडायचा असतो, काहींत एकाहून अधिक. आणि काहींत दिलेल्या कृती योग्य क्रमाने लावायच्या असतात. आधी काय, मग काय, नंतर काय.

हा क्रमच सगळ्या परीक्षेचा कणा आहे. पुष्कळदा चारही पर्याय बरोबर असतात. म्हणजे चारही गोष्टी त्या रुग्णासाठी करायच्याच असतात. पण या घटकेला, या माणसासाठी, पहिली कोणती? रस्त्यावर मोटारसायकलवाला पडला आहे आणि त्याच्या अंगाजवळ विजेची तार लोंबते आहे. आधी काय? त्याच्याकडे धावायचं नाही. आधी जागा सुरक्षित आहे का ते पाहायचं, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतील. मांडीतून रक्ताची चिळकांडी उडते आहे. आधी काय? एरवी श्वास पहिला, पण इथे आधी रक्त थांबवायचं, पट्टा घट्ट आवळायचा. कारण ते रक्त काही मिनिटांत माणसाला नेईल. छातीत दुखणाऱ्या माणसाला जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, हे आपल्यालाही ऐकून माहीत असतं. पण त्याचा रक्तदाब आधीच ८४ वर उतरला असेल तर तेच औषध घात करतं. गोळीचं नाव ज्याला पाठ आहे त्याचं इथे चुकतं, आणि रक्तदाबाचा आकडा ज्याने वाचला त्याचं बरोबर येतं.

आता जी गोष्ट भाच्याला पहिल्यांदा कळली नाही आणि जिच्यापायी तो आपटला, ती सांगतो.

आपल्या शाळेतली उंच उडी आठवा. दोन खांब, मध्ये आडवी दोरी. उडी पार झाली की गुरुजी दोरी वर चढवायचे. समजा, पाय लागला की ते ती थोडी खाली घेतात, पुन्हा जमलं की पुन्हा वर. थोड्या वेळाने काय होईल? दोरी अशा उंचीवर येऊन थांबेल की जिथे तुमची एक उडी जमते आणि एक चुकते. तीच तुमची खरी उंची. ही परीक्षा अशीच चालते. उत्तर बरोबर आलं की संगणक पुढचा प्रश्न अवघड काढतो, चुकलं की जरा सोपा. प्रत्येक उत्तरानंतर तो तुमची उंची नव्याने अंदाजतो. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी रेघ ठरलेली आहे. हा उमेदवार त्या रेघेच्या वर आहे किंवा खाली आहे, अशी ९५ टक्के खात्री पटली की संगणक थांबतो. म्हणून प्रश्नांची संख्या प्रत्येकाची वेगळी.

याचा परिणाम लक्षात घ्या. या परीक्षेत हुशार माणसालाही सतत अवघडच वाटत राहतं. जवळपास निम्मी उत्तरं हुकल्यासारखी वाटतात, आणि बऱ्याचदा ती खरोखरच हुकलेली असतात. ज्याला शाळेत नव्वद टक्क्यांची सवय आहे, त्याला हा अनुभव बुडण्यासारखा वाटतो. शिवाय मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही आणि प्रश्न सोडून पुढेही जाता येत नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये भाचा पहिल्यांदा बसला. चाळीसेक प्रश्न झाले आणि त्याला वाटलं, गेलं सगळं. पुढे तो समोरचा प्रश्न वाचतच नव्हता. मागच्या प्रश्नाचं काय झालं असेल, नोकरीचं काय होईल, अम्मीला काय सांगायचं, हेच डोक्यात. शेवटी शेवटी तर उत्तरं नुसती दाबत सुटला. दोन दिवसांनी निकाल आला, नापास. बहीण फोनवर रडली. मेहुण्यांनी त्याला विचारलं, ‘बाकीचे पास झाले का?’ पुढचे आठ दिवस त्याने कोणाचाच फोन घेतला नाही, माझाही.

मेहुण्यांच्या त्या प्रश्नाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण तो आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतो. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या परीक्षा जागांसाठी असतात. स्पर्धा परीक्षेत हजारो बसतात आणि मूठभर निवडले जातात, तिथे दुसरा पुढे गेला की आपण मागे पडतो. ही परीक्षा तशी नाही. इथे जागा मोजलेल्या नाहीत, गुणवत्ता यादी नाही. रेघेच्या वर गेलात की झालं. शंभर जण बसले आणि शंभरही वर गेले तरी हरकत नाही. तेव्हा शेजारचा हा प्रतिस्पर्धी नसतो, त्याच्याबरोबर बसून अभ्यास करता येतो. आणि एकदा नापास होणं म्हणजे दार बंद होणंही नाही. पंधरा दिवसांनंतर पुन्हा बसता येतं. तीनदा जमलं नाही तर उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि मग आणखी तीन संधी मिळतात. फक्त हे सारं अभ्यासक्रम संपल्यापासून दोन वर्षांच्या आत व्हावं लागतं. नापास झालेल्याला कोणत्या विभागात तो रेघेच्या खाली राहिला हेही कळवतात. त्या कागदाकडे शरमेने न पाहता नकाशासारखं पाहावं, एवढंच मी त्याला नवव्या दिवशी सांगितलं.

त्याच्या नकाशात दोन विभाग कच्चे होते, हृदय आणि निर्णय. म्हणजे दोष फक्त घाबरण्याचा नव्हता, तयारीतही खोट होती. हेही मान्य करावं लागतं. ‘मी घाबरलो म्हणून गेलो’ एवढंच म्हणत राहिलं तर पुन्हा तेच होतं.

खोट कुठे होती? तो पुस्तक वाचायचा, रंगीत पेनने ओळी रंगवायचा, पुन्हा वाचायचा. वाचलेलं ओळखीचं वाटायचं आणि ओळखीचं वाटलं की येतंय असं वाटायचं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो वाचून मिटला आणि आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा चित्र उलटलं, आठवून लिहिणारे पुढे गेले. गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील अशी खात्री वाचणाऱ्यांनाच अधिक होती! आणि एका दमात केलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवस सोडून केलेली उजळणी टिकते, हे तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच दाखवलं होतं.

मग त्याने रीत बदलली. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं. तेच पुन्हा दोन दिवसांनी, मग आठवड्याने. आणि चुकांची एक वही केली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे तीनांपैकी एक कारण लिहायचं. माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, की माहीत होतं पण क्रम चुकला. पहिल्या कारणासाठी पुस्तक उघडायचं. दुसऱ्यासाठी सावकाश वाचायची सवय करायची. तिसऱ्यासाठी मला फोन! कारण क्रम मोठ्याने बोलून दाखवला की त्यातली पोकळी आपोआप ऐकू येते.

आपण लहानपणी इंद्रधनुष्याचे रंग ‘तानापिहिनिपाजा’ म्हणून पाठ केले. तशीच रुग्णाला काय विचारायचं याची त्यांच्याकडे एक किल्ली आहे, ‘सॅम्पल’. काय होतंय, कशाची अ‍ॅलर्जी, औषधं कोणती चालू, पूर्वीचे आजार, शेवटचं खाणंपिणं कधी, आणि हे सुरू होण्याआधी काय घडलं. अशा किल्ल्या घबराटीत उपयोगी पडतात, कारण डोकं थांबलं तरी जीभ चालते.

हृदयाच्या आलेखाशी मात्र माझी अनपेक्षित गट्टी जमली. एका प्रकारच्या बिघाडात हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत दर ठोक्याला थोडा अधिक उशिरा पोचतो. उशीर वाढत वाढत जातो आणि मग एक ठोका गळतो. पुन्हा पहिल्यापासून सुरू. वेंकेबाख या डच वैद्याने १८९९ मध्ये, ईसीजीचं यंत्र वापरात येण्यापूर्वी, नाडीच्या आलेखांवरून हा प्रकार ओळखला होता. भाचा आलेखांची चित्रं पाठ करत होता आणि सारखा गोंधळत होता. मी म्हटलं, अरे, चित्र कशाला पाठ करतोस? वृत्त ओळखताना आम्ही कवितेचं चित्र पाहत नाही, मात्रा मोजतो. तूही मोज. त्याच्या शिक्षकांनी वेगळ्या शब्दांत हेच सांगितलं होतं. प्रत्येक आलेखाला तेच पाच प्रश्न, त्याच क्रमाने. गती किती, ठोके सम अंतरावर आहेत का, वरच्या कप्प्याची लहान लाट दिसते का, तिच्यापासून मोठ्या लाटेपर्यंतचं अंतर किती, मोठी लाट अरुंद की रुंद. महिनाभर रोज वीस आलेख मोजल्यावर गळलेला ठोका त्याला आपोआप खटकू लागला. कान तयार झाला की मात्रा चुकलेली ओळ खटकते, तसा.

उरली घबराट. ती जात नाही आणि पूर्ण जाऊही नये. तिला काम लावून द्यावं. भाच्याने ठरवलेल्या गोष्टी अगदी साध्या होत्या. आदल्या संध्याकाळी पुस्तक बंद. परीक्षा केंद्राचा रस्ता आधीच पाहून ठेवायचा, ओळखपत्रं पाकिटात. रात्री पुरी झोप. ‘मी दुआ करते, पण जागरण नको,’ हे बहिणीचं म्हणणं. सकाळी रोजचंच खाणं. वेळेचा हिशेबही करून ठेवला. साडेतीन तास म्हणजे २१० मिनिटं, प्रश्न १५० आले तरी प्रत्येकाला ८४ सेकंद मिळतात. म्हणजे घाई करायचं कारण नाही. प्रश्न आला की आधी शेवटचं वाक्य वाचायचं, नेमकं काय विचारलं आहे ते पाहायचं, मग पूर्ण प्रसंग. प्रश्नात नसलेली माहिती मनाने घालायची नाही. पर्याय पाहण्याआधी स्वतःला विचारायचं, या माणसाचा जीव सर्वांत आधी कशाने जाईल? उत्तर दिलं की तो रुग्ण रुग्णालयात पोचवला असं समजायचं, पुढचा नवा रुग्ण. मन मागे धावू लागलं तर हात टेबलावर ठेवून चार अंक मोजत श्वास घ्यायचा, चार मोजत थांबायचं, चार मोजत सोडायचा, चार मोजत थांबायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, अवघड वाटतंय याचा अर्थ परीक्षा नीट चालली आहे, हे आठवायचं.

जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा बसला. शंभरच्या पुढे थोडे प्रश्न झाले आणि पडदा एकदम बंद झाला. तो बाहेर आला तो नापास झालो असं धरूनच. पण संगणक लवकर थांबला याचा अर्थ इतकाच, की त्याची खात्री लवकर पटली. कोणत्या बाजूने, हे त्यावरून कळत नाही. दोन दिवसांनी कळलं, पास.

पास झाला तरी प्रमाणपत्र कायमचं नाही. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी ६० तासांचं शिक्षण. औषधं बदलतात, पद्धती बदलतात, माणूसही विसरतो. त्याने नोकरीवर लागल्यावर मला एक गोष्ट सांगितली. ‘मामू, खऱ्या रुग्णापाशी चार पर्याय नसतात. पण परीक्षेत वाटायचं तसंच वाटतं, की आपल्याला पुरतं माहीत नाही. आणि तरी हात चालवावा लागतो.’ मला वाटतं, त्या संगणकाने नकळत त्याच्याकडून याचीच तालीम करून घेतली होती.

आपल्या महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तिच्यात रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमण्याची पद्धत ठेवली गेली, म्हणून आपली घडण थोडी वेगळी आहे. डॉक्टर-परिचारिकांशिवायच्या आरोग्य व्यवसायांचं शिक्षण आणि नोंदणी देशभर एका शिस्तीत आणण्यासाठी २०२१ साली संसदेने कायदाही केला आहे. आपल्याकडची मुलंही या वाटेने जातील, परीक्षा देतील. त्यांच्या घरच्यांनी ‘बाकीचे पास झाले का?’ हे न विचारता ‘कुठे अडलं?’ असं विचारावं, एवढी माझी विनंती.

आणि जाता जाता भाच्याचा प्रश्न तुम्हालाही. घरात चांगलं बोलत असलेलं मोठं माणूस अचानक कोसळलं. हाक मारली तर ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही. आधी काय? कांदा हुंगवायचा नाही, पाणी पाजायचं नाही. एकाने १०८ ला फोन लावायचा. दुसऱ्याने त्याला कठीण जमिनीवर उताणं झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवायचे आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. एकटेच असाल तर फोन लावून तो स्पीकरवर ठेवा आणि दाबायला लागा. आज घरातल्या प्रत्येकाला हा प्रश्न एकदा विचारा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)